सगळं आपणच काहून लिहायचं?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ‘नागपूर’ हा शब्द घ्या आणि शब्द पाडायला सगळे वापरतात तो रेगेक्स (मजकुरात शोधायचा नमुना), म्हणजे बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस, त्यावर चालवून बघा. एक शब्द परत यायला हवा. येतात तीन तुकडे: ‘न’, ‘गप’ आणि ‘र’. काना आणि ऊकार मधल्या मध्ये गायब. यूनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, प्रत्येक चिन्हाचा एक वर्ग ठरलेला असतो. न, ग, प, र हे ‘लेटर’ वर्गात बसतात. काना, वेलांट्या, उकार, अनुस्वार हे ‘मार्क’ वर्गात. पायथनचा बॅकस्लॅश-डब्ल्यू अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच ओळखतो, त्यामुळे काना दिसला की त्याच्या लेखी शब्द संपतो. मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्न पॅकेजमधला शब्द मोजणारा काउंटव्हेक्टरायझर तर आणखी पुढचा. त्याच्या आयत्या पॅटर्नला किमान दोन चिन्हांचा शब्द लागतो, म्हणून ‘न’ आणि ‘र’ही गळतात आणि अख्ख्या नागपूरचं उरतं फक्त ‘गप’. आमच्या गावाला इतक्या मोजक्या शब्दांत अजून कुणी बोलला नसेल.

हे पाहिलं की आपल्याकडची काही माणसं ‘मराठीचं असंच असते’ म्हणून सोडून देतात आणि काहींच्या अंगात येतं. अंगात आलेल्यांपैकी एक मला दर रविवारी सकाळी बजाज नगरात तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर भेटतो. माझ्यासोबत मराठी मजकुरासाठी कोडची एक लायब्ररी लिहिणारा हा पोरगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हात चांगला, रग त्याहून जास्त. ‘ताई, दुसऱ्याचं काहून घ्यायचं? ते सगळं इंग्रजीवाल्यांनी इंग्रजीसाठी केलेलं. मी लिहून टाकतो ना आपलं!’ तो खरोखरच लिहून टाकेल, याचीच मला धास्ती असते.

थोडं मागचं सांगते. दिवसा मी आयटी पार्कजवळच्या एका कंपनीत विम्याच्या क्लेमचं सॉफ्टवेअर सांभाळते. ही लायब्ररी म्हणजे संध्याकाळचा उद्योग. (लायब्ररी म्हणजे इथे कोडची. पुस्तकांच्या जागेला मी वाचनालयच म्हणेन, नाहीतर घोळ होईल.) महालातल्या एका जुन्या वाचनालयाची पुस्तकांची यादी शोधता येईल अशी करून द्यायची होती. यादी एक्सेलमध्ये, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या कीबोर्डांवर टाइप केलेली. तिथले काका शोधाच्या चौकटीत ‘कादंबऱ्या’ टाकायचे आणि म्हणायचे, ‘अर्ध्याच दिसून राहिल्या ना वो ताई.’ ते निस्तरताना लिहिलेला कोड एका यादीपुरता ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो वेगळा काढला. मराठी मजकूर एकसारखा करायचा, त्याचे शब्द पाडायचे, अकारविल्हे लावायची आणि शोधासाठी प्रत्यय सोडवायचे, एवढंच तिचं काम.

यातल्या प्रत्येक कामाचा मोठा भाग कुणीतरी आधीच, आपल्यापेक्षा चांगला लिहून मोफत ठेवलेला आहे. तो मराठीवर आपटतो तेव्हा दोष बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो, डिफॉल्टचा, म्हणजे न सांगता लागू होणाऱ्या सेटिंगचा, असतो. इंजिन बदलायला निघालं की वर्ष जातं आणि शेवटी हातात त्याच इंजिनाची कच्ची नक्कल पडते. डिफॉल्ट बदलायला कागदपत्रं वाचावी लागतात, आणि ती कुणालाच वाचायची नसतात.

उदाहरण एसक्यूलाइट या डेटाबेसचं. वाचनालयात एकच जुना विंडोज संगणक, त्यामुळे सर्व्हर वगैरे भानगड नको होती. एका फाइलमध्ये सगळं मावणारा एसक्यूलाइट आणि त्यातला एफटीएस५ हा शोधाचा भाग घेतला. एफटीएस५चा शब्द पाडणारा नेहमीचा भाग, म्हणजे टोकनायझर, ‘यूनिकोड६१’ही वरचाच खेळ करतो: मात्रा आली की शब्द तोडतो. पोरगा लगेच सी भाषेत स्वतःचा टोकनायझर लिहायला बसला. सोय आहे, एफटीएस५ तसा जोडू देतो. पण कागदपत्रांत खाली एक ‘कॅटेगरीज’ नावाचा पर्याय आहे. कोणते यूनिकोड वर्ग शब्दाचा भाग मानायचे ते त्यात सांगता येतं. आयती यादी अशी: एल-तारा, एन-तारा आणि सीओ. म्हणजे अक्षरं, अंक आणि खासगी वापराची चिन्हं. तिला एमएन आणि एमसी हे मार्कचे दोन वर्ग जोडले की ‘नागपूर’ अखंड राहतं. टेबल तयार करतानाची एक ओळ बदलली आणि सी भाषेतली ती फाइल आम्ही डिलीट केली. पोरगा दोन रविवार नीट बोलला नाही.

पायथनच्या बाजूलाही तेच. अंगभूत ‘रे’ मॉड्यूलऐवजी ‘रेगेक्स’ हे वेगळं पॅकेज घेतलं तर तोच बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्रांसकट शब्द पकडतो. शिवाय त्यात बॅकस्लॅश-मोठा-एक्स आहे. तो डोळ्याला एक दिसणारं अक्षर एक म्हणून मोजतो. ‘रे’मध्ये ती सोयच नाही.

मग आपण लिहायचं काय? जे कुणीच लिहिलेलं नाही ते. आणि ते कमी नाही.

‘कादंबऱ्या’च घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवाला नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलंत लावतो. काही फोनेटिक कीबोर्ड साधा र, हलंत आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. यूनिकोडच्या मानकात दोन्ही मान्य. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि काकांना अर्ध्या कादंबऱ्या दिसत नाहीत. यूनिकोडची स्वतःची नॉर्मलायझेशनची पद्धत आहे, एनएफसी नावाची, आणि पायथनमध्ये ती आयती मिळते. साध्या र खाली सुटा नुक्ता टाकला असेल तर एनएफसी त्याचा एकसंध ऱ करून देते. हिंदी ‘लड़का’मधला नुक्त्याचा ड एकसंध असो की सुटा, दोघांना एका रूपात आणते. पण जॉइनरवाला र आणि नुक्त्यावाला ऱ यांची गाठ ती घालत नाही. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर यूनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र टाकत, आणि पुष्कळ जण अजूनही टाकतात. दोन्ही सारखेच दिसतात, एनएफसीला वेगळे. त्यामुळे यादीत ‘ॲटलास’ नावाची दोन पुस्तकं असतील आणि शोधात एकच येईल.

म्हणून आमच्या लायब्ररीतलं नॉर्मलायझेशन आधी मुकाट्याने एनएफसी चालवतं आणि मग त्यावर मराठीचे थोडे नियम लावतं. आमचा कोड तेवढ्या नियमांचा. जॉइनर तिथेच निघून गेल्यामुळे पुढे एफटीएस५चाही एक त्रास वाचतो. जॉइनर कुठल्याच मार्क वर्गात नाही, तो राहिला असता तर ‘कादंबर्’ आणि ‘या’ असे तुकडे पुन्हा पडले असते.

अकारविल्हेसाठी आयसीयू हे यूनिकोडची कामं करणारं तयार सॉफ्टवेअर. याचं मूळ टॅलिजंट नावाच्या कंपनीत, तिथून ते आयबीएमकडे आलं, १९९९मध्ये खुलं झालं आणि २०१६पासून यूनिकोड कन्सॉर्शियमच्या छत्राखाली आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या पोटात ते आहे, म्हणजे तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यातही बहुधा असेलच. यूनिकोडच्या क्रमांकांनुसार नुसतं सॉर्ट केलं तर ळ बसतो ल च्या शेजारी. शाळेतल्या वर्णमालेत तो ह नंतर, आणि मग क्ष, ज्ञ. आयसीयूला हा क्रम ‘&ह<ळ<क्ष<ज्ञ’ एवढ्या एका ओळीत सांगता येतो. क्ष वेगळा धरायचा की क च्या पोटात ठेवायचा, यावर कोशकारांचं एकमत नाही. काकांना तो क मध्ये हवा होता, कारण त्यांच्या जुन्या रजिस्टरात तसा आहे. ओळीतून क्ष काढला, काम झालं. हेच जर आम्ही स्वतः तुलना करणारं फंक्शन लिहून केलं असतं तर जोडाक्षरं, अनुस्वार, विसर्ग, मध्येच आलेलं इंग्रजी नाव, या प्रत्येकाशी एकेक कुस्ती खेळावी लागली असती.

पण आयसीयू फुकटात येत नाही. पैशाने फुकट आहे, त्रासाने नाही. पायथनमधून ते वापरायला पायआयसीयू लागतं, आणि ते नुसतं पिपने (पायथनच्या पॅकेज-इन्स्टॉलरने) टाकून भागत नाही; सिस्टिमवर आधी आयसीयूची सी++ लायब्ररी असावी लागते. उबंटू लिनक्सवर ठीक आहे. वाचनालयाच्या त्या विंडोजवर मी तो खेळ करणार नव्हते. म्हणून आयसीयू ऐच्छिक ठेवलं. असेल तर वापरायचं, नसेल तर आमचं साधं क्रमाचं टेबल. टेबल सगळं बरोबर लावत नाही, पण यादी छापण्याइतपत लावतं. कुठे चुकतं ते रीडमी या माहितीच्या फाइलीत स्पष्ट लिहिलंय. ऐच्छिक गोष्ट नसली की लायब्ररीने रडायचं नाही आणि असल्याचा आवही आणायचा नाही, असं माझं मत.

आणखी एक. दुसऱ्याचं इंजिन वापरा, पण त्याची भांडी पाहुण्यांसमोर मांडू नका. आयसीयूचा शब्द पाडणारा भाग शब्दाच्या जागा यूटीएफ-१६ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीच्या हिशोबाने सांगतो. देवनागरीची चिन्हं त्यात एकेक एकक घेतात, त्यामुळे पायथनच्या मोजणीशी सगळं जुळतं आणि आपण खूश. मग कुणीतरी वाचकांच्या अभिप्रायात नमस्काराच्या हातांचा इमोजी टाकतं. तो यूटीएफ-१६मध्ये दोन एककं घेतो, पायथनमध्ये एक. तिथून पुढे ठळक केलेला शब्द एका चिन्हाने सरकतो, आणि पुढच्या नमस्काराला आणखी एकाने. आपली माणसं किती नमस्कार टाकतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आयसीयूचं ते ऑब्जेक्ट जसंच्या तसं बाहेर दिलं असतं तर हा हिशोब वापरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडला असता. म्हणून आमच्या फंक्शनांतून बाहेर येतात त्या पायथनच्या साध्या स्ट्रिंग आणि पायथनच्या मोजणीतल्या जागा. फायदा आणखी एक: उद्या आयसीयू काढून दुसरं काही बसवलं तरी वापरणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

मला सगळ्यात मजा आली ती हनस्पेलवर. लिबरऑफिसमध्ये चुकीच्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते ना, त्यामागे हे असतं. ते लास्लो नेमेथ यांनी केलं हंगेरियन भाषेसाठी, आणि त्या भाषेत शब्दाला एकामागून एक प्रत्यय चिकटत जातात. म्हणजे आपलंच दुःख! ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द आहे, इंग्रजीवाल्याला सांगून पाहा. इंग्रजीसाठीची स्टेमिंगची, म्हणजे शब्दाचं मूळ काढायची, साधनं इथे हात टेकतात, पण हनस्पेल मुळातच दुहेरी प्रत्यय सोडवायला शिकलेलं आहे. त्याच्या नियमांची फाइल साध्या मजकुराची असते: एवढं काढ, एवढं लाव, शब्दाचा शेवट असा असेल तरच. ‘पूर’ काढ, ‘पुरात’ लाव, शेवटी ‘पूर’ असेल तर. एका ओळीत नागपूर, चंद्रपूर, सोलापूर, कोल्हापूर, सगळे सामान्यरूपासकट मार्गी लागले. मराठीत कधीकधी दोनाहून जास्त थर असतात आणि तिथे आम्हाला प्रत्ययांच्या जोड्या आधीच बांधून ठेवाव्या लागल्या. ते काम कंटाळवाणं होतं आणि त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. पण ते मराठीचं काम होतं, पोराच्या व्याकरणाच्या जुन्या पुस्तकातून झालं, आणि इंजिनाला हात लावावा लागला नाही.

इथे परवान्याची एक गाठ आहे, ती नवीन लोकांना दिसत नाही. हनस्पेलचं इंजिन जीपीएल, एलजीपीएल आणि एमपीएल अशा तिहेरी परवान्याखाली मिळतं, त्यातला सोयीचा निवडा. पण इंजिनाचा परवाना निराळा आणि त्यात घातलेल्या शब्दसंग्रहाचा निराळा. म्हणून शब्दांची यादी आम्ही वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवली, तिच्या परवान्याची फाइल तिच्यासोबत. ज्याला नुसतं नॉर्मलायझेशन हवं त्याने ती घ्यायचीच नाही.

दुसऱ्याचं घ्यायचं म्हणजे दिसेल ते घ्यायचं, असंही नाही. सगळं आपणच लिहू म्हणणारा आमचा पोरगा एकदा पटल्यावर एकदम दुसऱ्या टोकाला गेला आणि अदृश्य चिन्हं काढून टाकणारं कुठलंसं चिमुकलं पॅकेज घेऊन आला. कोड पाहिला तर एक रिप्लेस. त्याला मी २०१६ची लेफ्ट-पॅडची गोष्ट सांगितली: स्ट्रिंगच्या डावीकडे जागा भरणारं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने वादातून एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावरून काढून घेतलं आणि जगभरची बिल्डं पडली. त्यात बॅबेलसारखे मोठे प्रकल्पही होते. एसक्यूलाइट मात्र वेगळं प्रकरण. ते २०५० सालापर्यंत सांभाळायचा आपला इरादा त्याच्या कर्त्यांनी जाहीर करून ठेवलाय. आणि गंमत अशी, की ते सार्वजनिक मालकीचं असूनही बाहेरच्यांचा कोड सहसा घेत नाहीत. खुलं आहे, पण आत या म्हणत नाहीत. मला ते चालतं. मला एसक्यूलाइट सुधारायचं नाहीये, त्यावर विसंबायचं आहे.

आवृत्त्यांचं थोडक्यात. आपण ॲप लिहीत असू तर प्रत्येक पॅकेजची आवृत्ती नेमकी बांधून टाकावी. लायब्ररीने तसं करू नये, कारण आपली लायब्ररी ज्याच्या घरात जाते तिथे आणखी दहा जण आधीच राहत असतात. किमान आवृत्ती सांगावी, कमाल आवृत्तीला कारणाशिवाय कुलूप लावू नये, आणि चाचण्या सगळ्यात जुन्या व सगळ्यात नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांवर चालवाव्यात. पायथन ३.१२मधून डिस्टयूटिल्स हे पॅकेज बांधण्याचं जुनं मॉड्यूल गेलं तेव्हा कितीतरी पॅकेजांचं इन्स्टॉलेशन अडलं. ज्यांच्या चाचण्या आधीच्या चाचणी-आवृत्त्यांवर चालत होत्या त्यांना ते महिनोन्‌महिने आधी दिसलं होतं.

आता ज्या गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही, ती.

नागपूर आधी मध्य प्रांताची, म्हणजे सीपी अँड बेरारची, आणि मग १९५६पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी दोन्हींचं गाव. अजूनही इतवारीत दुकानदार हिंदीत भाव सांगतो, आपण मराठीत पाडून मागतो आणि मधेच दोघांच्याही भाषा बदलतात. त्यामुळे महालातल्या त्या यादीत मराठी आणि हिंदी पुस्तकं सरमिसळ आहेत, लिपी एकच, आणि भाषेचा रकाना कुणीच केलेला नाही. जगातल्या पुष्कळ फ्रेमवर्कांच्या लेखी देवनागरी म्हणजे हिंदी. ल्यूसीन या शोधाच्या लायब्ररीतला हिंदीचा नॉर्मलायझर पाहा: तो नुक्ते काढतो, जॉइनर काढतो, हलंत काढतो आणि दीर्घ स्वर ऱ्हस्व करतो. हिंदी शोधासाठी ते विचार करूनच केलेलं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण मराठीवर चालवला की ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात, ‘कादंबऱ्या’मधला ऱ आणि त्याचा हलंत दोन्ही जातात, आणि उरतं ते ‘कादंबरया’. म्हणजे पुन्हा तेच. इंजिन चांगलं, गृहीतक दुसऱ्याचं.

पण मग आमच्या लायब्ररीने काय गृहीत धरायचं? ती मराठीची, म्हणून समोर आलेली प्रत्येक देवनागरी ओळ मराठी? हिंदी पुस्तकाच्या नावाला मराठीचे प्रत्ययांचे नियम लावले तर आम्हीही तेच केलं, फक्त उलट्या बाजूने. म्हणून मी भाषा हा पॅरामीटर सक्तीचा ठेवलाय. डिफॉल्ट नाहीच. न सांगता फंक्शन बोलावलं तर एरर येते, आणि ‘मराठी, हिंदी की माहीत नाही’ असं विचारते. ‘माहीत नाही’ म्हटलं तर दोन्ही भाषांना चालणारं तेवढंच नॉर्मलायझेशन होतं, प्रत्ययांना हात लागत नाही.

पोराला हे अजिबात मान्य नाही. ‘ताई, मराठीच्या लायब्ररीत मराठी डिफॉल्ट नाही? हे कोणाला सांगायचं बे?’ (रागात असला की ताईलाही बे लागतो.) त्याच्या म्हणण्यात दम आहे: वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मजकूर मराठीच असणार, आणि प्रत्येक वेळी भाषा लिहायला लावणं म्हणजे छळ. त्याने मराठी डिफॉल्ट करणारी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये हा बदल घ्या अशी विनंती, उघडून ठेवली आहे. चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. मी त्यात एकच चाचणी वाढवली, वाचनालयाच्या यादीतल्या हिंदी पुस्तकांच्या नावांची, आणि आता ती लाल, म्हणजे नापास, आहे. तो म्हणतो, भाषा ओळखणारं मॉडेल घालू. मी म्हणते, दोन-तीन शब्दांच्या नावावरून ‘कविता संग्रह’ हिंदी की मराठी ते तूच सांग. काकांना विचारलं तर त्यांनी भाषेचा रकाना हाताने भरायला सुरुवातही केली, ‘क’पर्यंत झालंय.